तंटा थांबविणें व तंटा मिटविणें

गांवांत दोन घराण्यांमध्यें बांधावरून तंटा पेटला, म्हणजे पंचमंडळी धांवत जाते, हातांतल्या काठ्या खालीं ठेवविते, दोन्ही पक्षांकडून वचन घेते आणि संध्याकाळीं समाधानानें घरीं परतते. रक्त सांडलें नाहीं, हें चांगलेंच झालें. परंतु बांध सरकवून ज्याची जमीन घेतली गेली होती, त्याची जमीन त्या रात्रीं कोणाकडे असते? सकाळीं ज्याच्याकडे होती, त्याच्याचकडे. मग त्या दुखावलेल्या मनुष्यास ‘शांत राहा’ असें सांगण्याचा अधिकार पंचांस कोठून प्राप्त झाला? प्रश्न साधा दिसतो. पण मोठमोठ्या राष्ट्रांच्या कारभारांतही हाच प्रश्न उभा राहतो. गेल्या पस्तीस वर्षांत ज्या ज्या देशांत साम्यवादी सत्ता कोसळली, त्या देशांच्या वृत्तांतांत तो फार स्पष्ट दिसतो. म्हणून आज थोडें दूरच्या मुलखाकडे लक्ष देण्याची विनंति आहे.

१९९१ च्या अखेरीस सोव्हिएत संघराज्य मोडलें व त्याच्या जागीं पंधरा स्वतंत्र राष्ट्रें उभीं राहिलीं. युगोस्लावियाचें राज्यही त्याच वर्षीं फुटूं लागलें. सुमारें अडीच कोटी रशियन लोक एकाएकीं परराष्ट्राचे रहिवासी ठरले. त्यांनीं घर सोडलें नव्हतें. सीमाच त्यांच्या घरावरून सरकली होती. कोठें कोठें ही वाटणी शांततेनें झाली. चेक व स्लोव्हाक लोकांनीं तर भावाभावांनीं चूल वेगळी करावी तशी १ जानेवारी १९९३ रोजीं आपलीं राज्यें वेगळीं केलीं. उलटपक्षीं बोस्निया, चेचन्या, ताजिकिस्तान, जॉर्जिया, मोल्दोव्हा व काराबाख येथें शेजाऱ्यानें शेजाऱ्याचा जीव घेतला. एकाच छपराखालीं वाढलेल्या या लोकांत येथें रक्त कां सांडलें आणि तेथें कां नाहीं, याचा शोध विद्वानांनीं पुष्कळ केला आहे. अमेरिकेंतील कार्नेगी संस्थेनें १९९४ सालीं या कामीं एक आयोगच नेमला व त्याचा अहवाल १९९७ सालीं बाहेर आला. या सर्व अभ्यासांतून एक गोष्ट वारंवार पुढें येते, ती अशी कीं धोक्याची सूचना बहुधा वेळेवर मिळालेली असते. उणीव असते ती उठून जाण्याच्या इच्छेची.

उठून जाणारा एक मनुष्य मात्र मिळाला. जुलै १९९२ मध्यें हेलसिंकी येथें युरोपांतील राष्ट्रांची जी परिषद भरली, तिनें राष्ट्रीय अल्पसंख्याकांविषयींचा उच्चायुक्त असें एक नवें पद निर्माण केलें. पहिले उच्चायुक्त मॅक्स व्हान देर स्टूल हे हॉलंड देशाचे माजी परराष्ट्रमंत्री होते व त्यांनीं १९९३ पासून २००१ पर्यंत हें काम केलें. त्यांच्याजवळ ना पलटण, ना खजिना. अल्पसंख्याकांचा वकील होणें हेंही त्यांचें काम नव्हे. तंटा पेटण्यापूर्वीं तेथें जावें, दोन्ही पक्षांचें ऐकावें, सरकारास पत्र लिहून सूचना कराव्या, आणि हें सर्व गाजावाजा न करितां करावें, एवढाच अधिकार. असा मनुष्य कदाचित् कोणत्याही किंमतीवर शांतता मागणारा, सत्ताधीशांस न दुखविणारा असेल, अशी शंका कोणास येईल. तसें नव्हतें. मार्च १९७७ मध्यें परराष्ट्रमंत्री या नात्यानें प्राग शहरीं गेले असतां, तेथील सरकारास न आवडणारे वृद्ध तत्त्वज्ञ यान पातोचका यांस ते उघडपणें भेटले होते. पुढें पोलिसांनीं पातोचकांची इतकी चौकशी केली कीं थोड्याच दिवसांत ते मरण पावले. धैर्याची किंमत दुसऱ्यास कशी द्यावी लागते, हें ज्यानें जवळून पाहिलें, त्याच्याच तोंडीं पुढें ‘धीर धरा’ हे शब्द आले. हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

आतां नार्वा शहराची गोष्ट. बाल्टिक समुद्राच्या कांठीं एस्टोनिया नांवाचा एक लहान देश आहे. त्या वेळीं त्याची लोकसंख्या सुमारें पंधरा लाख, म्हणजे आपल्याकडील पुष्कळ जिल्ह्यांहूनही कमी होती. १९४० सालीं सोव्हिएत सत्तेनें तो गिळला. मार्च १९४९ मध्यें अवघ्या कांहीं दिवसांत त्या देशांतील वीस हजारांहून अधिक माणसें, त्यांत बहुतेक बायका, मुलें व म्हातारे, आगगाड्यांत कोंबून सैबेरियास पाठविण्यांत आलीं. पूर्व सीमेवर, नदीच्या अगदीं कांठीं, नार्वा वसलेलें आहे. पलीकडच्या तीरावर रशिया. महायुद्धांत हें शहर जमीनदोस्त झालें. जुन्या रहिवाशांस परत येऊं न देतां तेथें रशियांतून कामगार आणून वसविले. क्रेनहोल्म नांवाची १८५७ सालची मोठी कापडगिरणी तेथें होती, तींत हे लोक राबत. त्यांचीं मुलें तेथेंच जन्मलीं आणि तेथेंच कामाला लागलीं. १९९१ सालीं एस्टोनिया पुन्हां स्वतंत्र झाला, तेव्हां नार्व्यांत बहुतेक सर्व लोक रशियन भाषा बोलणारे होते.

नव्या सरकारनें १९९२ सालीं जुना नागरिकत्वाचा कायदा पुन्हां चालू केला. १९४० पूर्वीं जे नागरिक होते ते व त्यांचे वंशज आपोआप नागरिक. इतरांनीं भाषा शिकून, परीक्षा देऊन नागरिकत्व मागावें. देशांतील जवळजवळ एक तृतीयांश लोक अशा रीतीनें कोणत्याच देशाचे उरले नाहींत. त्यावर २१ जून १९९३ रोजीं परकीयांविषयींचा कायदा झाला आणि नार्व्यांतील मनुष्यास वाटूं लागलें कीं आतां आपणांस हद्दपार करितील. अध्यक्ष लेनार्ट मेरी यांनीं त्या कायद्यावर सही केली नाहीं. तो त्यांनीं युरोपांतील जाणत्या लोकांच्या मतासाठीं पाठविला, आणि ८ जुलै रोजीं कायदेमंडळानें तो पुष्कळ सौम्य केला. परंतु तोंवर मनें बिघडलीं होतीं. नार्वा व शेजारचें सिल्लामाए या दोन नगरसभांनीं ठरविलें कीं आमचा प्रदेश स्वायत्त असावा किंवा नसावा यावर आम्ही लोकमत घेणार. सरकार म्हणालें, हें बेकायदेशीर आहे. हे देशाचे तुकडे आहेत. रशियाचें सैन्य अद्याप देशांत होतें. पोलीस पाठवून मतपेट्या उचलल्या असत्या आणि एखादी गोळी सुटली असती, तर पुढें काय झालें असतें याची कल्पना मोल्दोव्हांतील १९९२ सालचें युद्ध पाहून सर्वांस होती.

व्हान देर स्टूल टॅलिन व नार्वा यांमध्यें येरझाऱ्या घालूं लागले. त्यांनीं दोनच वचनें मिळविलीं. नार्व्याचे पुढारी म्हणाले कीं देशाच्या सर्वश्रेष्ठ न्यायालयानें हें लोकमत बेकायदेशीर ठरविलें, तर तो निर्णय आम्ही मानूं. सरकार म्हणालें कीं लोकमत बंद पाडण्यासाठीं आम्ही बळ वापरणार नाहीं. बस, एवढेंच. १६ व १७ जुलै रोजीं मतें पडलीं. नार्व्यांत निम्म्याहून थोडे अधिक मतदार आले, आणि आले त्यांपैकीं बहुतेक सर्वांनीं स्वायत्ततेस होकार दिला. ११ ऑगस्ट रोजीं न्यायालयानें तें रद्द केलें. नार्व्यानें वचन पाळलें. कोणी मेलें नाहीं, म्हणूनच जगाच्या वर्तमानपत्रांत या गोष्टीस फारशी जागाही मिळाली नाहीं. जें घडलें नाहीं, त्याची बातमी होत नसते.

पण येथेंच आमचा प्रश्न उभा राहतो. न्यायालयाचा निकाल ऐकून नार्व्याचा गिरणी कामगार घरीं गेला, तेव्हां त्याच्या हातांत काय होतें? नागरिकत्वाचा कायदा जसा काल होता तसाच आज. त्यानें दगड खालीं ठेवला. पण बांध आपल्या जागीं गेला नाहीं. आतां दुसऱ्या बाजूनेंही पाहा. एखादी एस्टोनियन स्त्री म्हणेल कीं माझी आई सैबेरियांत मेली, आणि तिच्या देशांत ज्यांस आणून बसविलें त्यांच्याशीं मीं सौम्यपणें वागावें, असें मला कोण सांगतो? दोघेही आपणांस लुबाडलेले समजतात, आणि दोघांच्याही म्हणण्यांत खरेपणा आहे. अशा ठिकाणीं पूर्ण न्याय झाल्यावांचून शांति नको, असें म्हणणारा मनुष्य शूर दिसतो. पण पूर्ण न्याय म्हणजे काय हेंच जेथें दोन पक्षांस दोन प्रकारें दिसतें, तेथें त्याच्या म्हणण्याचा अर्थ युद्ध असाच होतो. म्हणून दगड आधीं खालीं ठेवविले हें व्हान देर स्टूल यांनीं योग्य केलें असें मी म्हणतों. मात्र त्यांचें काम तेथें संपलें असतें, तर मी असें म्हणालों नसतों.

तें संपलें नाहीं. एप्रिल १९९३ मध्येंच त्यांनीं सरकारास पत्र लिहिलें होतें, त्यांत एक मागणी अशी होती कीं या देशांत जन्मलेल्या आणि अन्यथा कोणत्याच देशाच्या न ठरणाऱ्या मुलांस तरी नागरिकत्व मिळावें. सरकारनें ऐकलें नाहीं. ते पुन्हां गेले. भाषेची परीक्षा सोपी करा, शिक्षक द्या, अर्ज लवकर निकालांत काढा, अशा बारीक बारीक गोष्टींसाठीं ते वर्षानुवर्षें दार ठोठावीत राहिले. १९९८ च्या डिसेंबरांत, म्हणजे साडेपांच वर्षांनीं, मुलांविषयींचा कायदा झाला. त्यांतही आईबापांनीं अर्ज करण्याची अट होती. ती अट जाऊन जन्मतःच नागरिकत्व मिळूं लागलें तें २०१६ सालीं. व्हान देर स्टूल तोंवर निवर्तले होते. हें सर्व फार संथ झालें, लज्जास्पद संथ झालें. तरी झालें.

मॅसिडोनियाचा वृत्तांत याहून अवघड आहे, आणि त्यांतून निघणारा बोध मनास बोंचतो. युगोस्लावियांतून निघालेला हा लहान देश. त्याची राजधानी स्कोप्ये, जेथें कोलकात्याच्या मदर तेरेसा यांचा १९१० सालीं एका अल्बेनियन कुटुंबांत जन्म झाला. देशांतील सुमारें चौथा हिस्सा लोक अल्बेनियन आहेत. शेजारीं बोस्निया जळत असतां अध्यक्ष किरो ग्लिगोरोव्ह यांनीं संयुक्त राष्ट्रांस विनंति केली कीं युद्ध होण्यापूर्वींच आमच्या सीमेवर सैनिक पाठवा. डिसेंबर १९९२ मध्यें ती मान्य झाली. अशा कामासाठीं त्या संस्थेनें सैन्य पाठविण्याची ही पहिलीच वेळ. सुमारें हजार सैनिक सहा वर्षें त्या डोंगरांत पहारा देत होते आणि युद्ध आलें नाहीं. पुढें १९९९ सालीं मॅसिडोनियानें तैवानशीं संबंध जोडले, तेव्हां चीननें नकाराधिकार वापरून तो पहारा उठवविला. दोन वर्षांनीं देशांतच लढाई सुरू झाली.

कां सुरू झाली? सीमेवरचा पहारेकरी बाहेरचा चोर अडवितो, घरांतला अन्याय अडवीत नाहीं. पोलिसांत व सरकारी नोकरींत अल्बेनियन लोक फार थोडे होते. आपल्या भाषेंत उच्च शिक्षण मिळावें म्हणून त्यांनीं तेतोव्हो गांवीं विद्यापीठ उघडलें, तर १९९५ सालीं सरकारनें तें बेकायदेशीर ठरविलें, आणि पोलिसांशीं झालेल्या झटापटींत एक मनुष्य मेला. शांततेचीं तीं सहा वर्षें म्हणजे तंटा मिटविण्यासाठीं मिळालेली मुदत होती, आणि ती बहुतेक वायां गेली. २००१ च्या फेब्रुवारींत बंडखोरांनीं बंदुका उचलल्या. लाखाहून अधिक लोक घरें सोडून पळाले. आणि त्याच वर्षीं १३ ऑगस्ट रोजीं जो करार झाला, त्यानें अल्बेनियनांस काय दिलें पाहा. जेथें वीस टक्क्यांहून कमी नाहींत अशा लोकांची भाषा सरकारदरबारीं चालेल; पोलिसांत व नोकरींत त्यांस योग्य वांटा मिळेल; त्यांच्या भाषेवर व संस्कृतीवर परिणाम करणारा कायदा त्यांच्या प्रतिनिधींपैकीं बहुतेकांच्या संमतीवांचून होणार नाहीं. यांतील बहुतेक मागण्या दहा वर्षें अर्जांच्या रूपानें सरकारच्या टेबलावर पडून होत्या. जें अर्जदारांस दहा वर्षांत मिळालें नाहीं, तें बंदूकवाल्यांस सहा महिन्यांत मिळालें. बंडाचे पुढारी अली अहमेती पुढच्याच वर्षीं पार्लमेंटांत बसले. तरुण मनुष्य यावरून काय शिकेल? त्यास अर्ज लिहिण्याचा उपदेश करितांना आमची जीभ अडखळेल कीं नाहीं?

या करारासाठीं झटलेल्या एका मनुष्याविषयीं या पत्राच्या वाचकांस विशेष वाटेल. अध्यक्ष बोरिस त्रायकोव्हस्की हे मेथॉडिस्ट मंडळीचे होते व उपदेशही करीत. ज्या देशांत बहुसंख्य लोक ऑर्थोडॉक्स व उरलेल्यांपैकीं बहुतेक मुसलमान, तेथें मेथॉडिस्ट मंडळी अगदीं मूठभर. थोड्यांपैकीं असणें म्हणजे काय, हें त्यांस पुस्तकांतून शिकावें लागलें नसेल. जून २००१ मध्यें अराचिनोव्हो गांवांतून बंडखोरांस जिवंत बाहेर जाऊं दिलें, म्हणून त्यांच्याच लोकांचा संतप्त जमाव पार्लमेंटच्या इमारतींत घुसला, आणि अध्यक्षांस तेथून घाईनें बाहेर काढावें लागलें. आपल्याच माणसांनीं द्रोही म्हटलेलें सोसणें हें मध्यस्थाच्या वांट्यास येतें. पण ते मध्यस्थ नव्हते, ते एका पक्षाचे प्रमुख होते, म्हणून त्यांचें सोसणें अधिक. ते चर्चेवरून उठले नाहींत. २६ फेब्रुवारी २००४ रोजीं बोस्नियांत मोस्तारजवळ विमान कोसळून ते वारले. सत्तेचाळीस वर्षांचे होते.

ज्यांनीं मिळालेली मुदत मुळींच वापरली नाहीं त्यांचें काय होतें, हें काराबाखच्या डोंगरांत पाहावें. आर्मेनियन व अझरबैजानी लोकांचें तेथलें भांडण १९८८ सालीं पेटलें. हजारों लोक मेले, लाखों निर्वासित झाले. मे १९९४ मध्यें शस्त्रसंधि झाली. आर्मेनियन पक्ष जिंकला होता. काराबाखच नव्हे तर सभोंवतालचे कित्येक जिल्हेही त्याच्या हातीं राहिले. तेथून निघालेलीं अझरबैजानी कुटुंबें वर्षानुवर्षें वसतिगृहांत, तंबूंत, आगगाडीच्या मोकळ्या डब्यांतही राहिलीं. समेट घडवून आणण्यासाठीं १९९२ सालीं मिन्स्क मंडळ नेमलें होतें; त्याचे प्रमुख फ्रान्स, रशिया व अमेरिका. बैठका होत राहिल्या. जिंकलेल्यास वाटलें, काळ जाईल तसें जग हें मान्य करील. हरलेल्यास वाटलें, काळ जाईल तसा आपल्या तेलाचा पैसा वाढेल. दोघांसही थांबणें सोयीचें झालें, आणि थांबण्यासच लोक शांति म्हणूं लागले. २०२० च्या शरदऋतूंत चव्वेचाळीस दिवस युद्ध होऊन पारडें फिरलें. सप्टेंबर २०२३ मध्यें अझरबैजानी सैन्यानें एका दिवसांत उरलेलें काराबाख घेतलें, आणि सुमारें आठवड्याभरांत एक लाखाहून अधिक आर्मेनियन लोक, जवळजवळ सगळेच, घरांस कुलुपें लावून निघून गेले. १९९४ सालीं जन्मासही न आलेलीं मुलें त्यांत होतीं. मिन्स्क मंडळ २०२५ सालीं बरखास्त करण्यांत आलें.

तर मग मला जें दिसतें तें असें. अन्याय सोसणाऱ्यास ‘हात आवर’ असें जो सांगतो, तो त्याच्याकडून उसनें घेतो. दुखावलेल्या मनुष्यानें आपला धीर त्याच्या हवालीं केलेला असतो. तो परत करण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर पडते, आणि ती फेडण्याचा मार्ग एकच. बलवानाच्या दारीं जाणें, नाकारलें तर पुन्हां जाणें, आणि दुर्बळास वेळोवेळीं खरें काय तें सांगणें. हें करण्याची ज्याची तयारी नाहीं त्यानें मध्यस्थी करूं नये काय? इतकें कठोर मी म्हणवत नाहीं. काराबाखांतील शस्त्रसंधीनें सव्वीस वर्षें पुष्कळ तरुणांचे प्राण वांचविले. त्यांच्या आयांपुढें उभें राहून ती संधि वाईट होती असें कोण म्हणेल? संधि वाईट नव्हती. तिच्यानंतरचा आळस वाईट होता.

मध्यस्थास सर्व कांहीं साधतें असेंही नव्हे. नार्व्यांत शांतता राहिली याचें सगळें श्रेय एका हॉलंडवासीयास देणें भोळेपणाचें होईल. नदीपलीकडील दारिद्र्य तेथील लोकांस दिसत होतें. एस्टोनिया सुधारत होता. युरोपीय संघांत प्रवेश हवा असेल तर अल्पसंख्याकांशीं नीट वागलें पाहिजे, हें सरकारासही कळत होतें, आणि तो प्रवेश १ मे २००४ रोजीं मिळाला. शिवाय घरांत कितीही न्याय केला तरी बलाढ्य शेजाऱ्याच्या मनांत दुष्टावा आला तर तो थांबत नाहीं. क्रिमियाच्या स्वायत्ततेविषयीं युक्रेन सरकार व तेथील लोक यांच्यांत व्हान देर स्टूल यांनींच मध्यस्थी केली होती, आणि १९९८ च्या सुमारास तें प्रकरण निवळलें होतें. २०१४ सालीं रशियानें तो प्रदेश आपल्या राज्यास जोडला, आणि २०२२ सालीं सबंध युक्रेनवर सैन्य घातलें.

त्या युद्धाची सावली नार्व्यावरही पडली आहे. एस्टोनियाच्या राज्यघटनेनें परकीय रहिवाशांसही गांवच्या व शहराच्या निवडणुकींत मताचा हक्क दिलेला होता. १९९३ सालीं लोकांची समजूत घालण्यास तो उपयोगी पडला होता. मार्च २०२५ मध्यें ती तरतूद बदलण्यांत आली. रशियाच्या नागरिकांचा हक्क तत्काळ गेला; आणि ज्यांस कोणताच देश नाहीं, करड्या रंगाचें पारपत्र बाळगणारे, बहुतेक आतां वृद्ध झालेले असे जे लोक, त्यांनीं ऑक्टोबर २०२५ मध्यें नगरसभेसाठीं शेवटचें मत दिलें. त्यांच्यांत १९९३ च्या जुलैमध्यें नार्व्याच्या मतपेटीपाशीं उभे असलेले आणि ऑगस्टांत न्यायालयाचा निकाल मानून घरीं गेलेले कित्येक असतील.